पत्रा कसा उडाला, तेवढं लिहा

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : वादळाच्या पंचनाम्यात एक पान वाढवण्याबाबत

महोदय,

विषय वाचून आपल्याला वाटेल, निवृत्त माणसाला वेळ फार. खरंच आहे ते. पण हे एक पान माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं घोळतंय, आणि यंदाच्या वैशाखात आमच्या शेजारच्या गल्लीत जे झालं त्यानंतर लिहायला बसलो.

दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. "वारं सुटायलंय, दारं लावा" असं कुणीतरी ओरडेपर्यंत तो गावात आला होता. दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपलं, मागोमाग वळीव कोसळला. एका घरावरचे चार पत्रे दोन वावरं पलीकडं बांधावरच्या बोरीत अडकलेले सापडले. पत्र्यांवर ठेवलेल्या दगडांपैकी एक मात्र लांब गेला नाही. तो सरळ खाली घरातल्या खाटेवर आला. त्या खाटेवर रोज दुपारी पडणाऱ्या आजी नेमक्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला उठल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. रीतसर झाला, दोन पंचांपैकी एक मीच होतो. नाव, घर क्रमांक, घर पक्कं की कच्चं, पडझड पंधरा टक्क्यांच्या वर की खाली, फोटो, सह्या. नुकसानीचं कारण या रकान्यात तीन शब्द होते : वादळी वारा व पाऊस. पत्र्याचा हुक सरळ झाला, की स्क्रूभोवती पत्राच फाटला, की आडवा पाइप विटांसकट भिंतीतून उपटून निघाला, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. मी माझ्या वहीत लिहून घेतलं. त्या घरी हुक नव्हतेच. नुसते दगड होते.

दगडांबद्दल थोडं सांगतो, कारण त्या दगडांचा इतिहास किल्लारीपर्यंत जातो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी डिप्लोमा संपवून नुकताच नोकरीला लागलो होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ती कशानं गेली हे मी ढिगारे उपसताना पाहिलंय. मातीत रचलेल्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर. पिढ्यान्‌पिढ्या दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा थर चढत गेलेला. दीड फूट माती म्हटली तरी चौरस मीटरला सहाशे-सातशे किलो वजन होतं. ते वजन झोपलेल्या माणसांवर आलं. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात, झोन एकमध्ये होता. 2002 साली नकाशा सुधारला आणि आम्ही झोन तीनमध्ये गेलो.

त्या पहाटेनंतर मराठवाड्यानं एकच धडा घेतला, आणि तो बरोबर होता : डोक्यावर वजन नको. बावन्न गावं नव्या जागी उठून गेली. जी जुन्या जागी राहिली तिथंही लोकांनी माळवदं उतरवली, तुळया-किलच्या विकल्या किंवा जाळल्या, आणि वर पत्रा टाकला. कित्येक म्हातारी माणसं पुढं वर्षानुवर्षं घरात झोपलीच नाहीत, अंगणात पत्र्याचा आडोसा करून झोपली. पत्रा म्हणजे जीव वाचवणारं छप्पर, हे आमच्याकडं दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

फक्त त्या पत्र्याला वाऱ्यात काय होईल, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. भूकंपापुढं वारा आठवण्याची ती वेळही नव्हती. पण आता तीस वर्षं उलटून गेली.

हिशेब साधा आहे. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा दहा-बारा किलोचा. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले तर सगळं मिळून पन्नासेक किलो. इमारतींवर किती भार धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटरचा झोत. एवढ्या झोताचा दाब चौरस मीटरला 93 किलो भरतो. बहुतेकांना वाटतं वारा पत्र्याला ढकलतो. कमी उताराच्या छपरावर तो ढकलत नाही, वर ओढतो. त्या एका पत्र्यावर अडीचशे किलोच्या पुढं ओढ येते, आणि आपण खाली धरायला पन्नास किलो ठेवलेत. वारा निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते, हे खरं. पण उलटा हिशेब केला तर ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या झोताला तो पत्रा दगडांसकट उचलला जातो. हवामान खातं रोहिण्यांच्या आसपास "ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगानं वादळी वारे" असा इशारा देतं तो जवळजवळ एवढाच. शंभर वर्षांत एकदा येणारं ते संकट नव्हे. ते बहुतेक उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात कुठं ना कुठं येतंच.

दार उघडं राहिलं तर आणखी वाईट. घर बंद असलं तर आतला दाब किरकोळ धरतात. पण वाऱ्याच्या बाजूचं मोठं दार उघडं असलं तर वारा आत शिरून पत्र्याला खालून रेटतो आणि एकूण ओढ जवळपास दीडपट होते. आमच्याकडं जुनी माणसं सांगतात, वादळात दारं उघडी ठेवा, वारा आरपार निघून जाऊ द्या. अमेरिकेतही वावटळ आली की खिडक्या उघडा असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. दोन्ही चूक.

आता चक्रीवादळाकडं येतो, कारण विचार करायची पद्धत मी तिथून उसनी घेणार आहे. मराठवाड्यात समुद्र नाही, म्हणून चक्रीवादळाच्या योजना आमच्यापर्यंत येत नाहीत. त्या किनाऱ्यावरच्या राज्यांसाठी आणि त्यातही किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांसाठी असतात. आमच्याच मानकात महत्त्वाच्या इमारतींसाठी वादळाचा वाढीव गुणांक किनाऱ्यापासून 60 किलोमीटरच्या पट्ट्यापुरता आहे. त्यात मला तक्रार नाही. पण वादळाला हद्द कळत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा उरलेला भाग तेलंगणातून मराठवाड्यावर येऊन दोन दिवस बरसला. मग तो अरबी समुद्रात उतरून शाहीन नावानं पुन्हा उठला. ते पाणी आपल्याला आठवत असेलच.

पद्धत मात्र वाऱ्याच्या अभ्यासातून जन्मली नाही, भूकंपाच्या अभ्यासातून जन्मली. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. माणसं गेली साठेक. पण नुकसान वीस अब्ज डॉलरच्या घरात गेलं. तिथल्या इंजिनिअरांना एक अवघड प्रश्न पडला. बहुतेक इमारतींनी नियमाप्रमाणे काम केलं होतं. नियम सांगत होता, कोसळू नका, माणूस मारू नका; त्या कोसळल्या नाहीत. पण मालकाची समजूत होती, नियमानं बांधलं म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकान उघडेल. ते उघडलं नाही. नियम एक वचन देत होता आणि लोक दुसरंच ऐकत होते. तिथून पुढं बर्कलीच्या भूकंप अभियांत्रिकी केंद्रानं जी रीत बांधली तिला परफॉर्मन्स बेस्ड इंजिनिअरिंग म्हणतात. मराठीत मी तिला "इमारतीला जाब विचारणं" म्हणतो. इमारत नियमात बसते का, हा प्रश्न बाजूला ठेवायचा. विचारायचं ते असं : इतका धक्का आला तर तू काय करशील? किती माणसं जातील, किती रुपये जातील, किती दिवस तू बंद राहशील? आणि हे सगळं ठाम हो-नाही न सांगता, शंभरात किती वेळा, अशा शक्यतेत सांग.

पुढं हीच रीत हरिकेनला लावली गेली. हरिकेन म्हणजे आपलंच चक्रीवादळ, तिकडच्या समुद्रातलं. 2013 साली लुइझियाना स्टेट विद्यापीठ आणि रोमचं सापिएन्झा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी तिचा आराखडा मांडला. भूकंपापेक्षा हे काम किचकट. भूकंपात जमीन हलते, एवढंच. चक्रीवादळात वारा असतो, पाऊस असतो, चढलेलं पाणी असतं आणि उडून येणाऱ्या वस्तू असतात. शिवाय एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. उडत आलेल्या फळीनं खिडकी फुटली की आतला दाब बदलतो. आतला दाब बदलला की छप्पर जातं, आणि छप्पर गेलं की पाऊस घरातलं सगळं नासवतो. म्हणून ही रीत वाऱ्यापाशी सुरू होते आणि माणसाच्या खिशापर्यंत जाते. किती जोराचा वारा किती वर्षांनी येतो, तो या घराशी कसा भिडतो, घराचा कोणता सांधा किती ओढ सोसतो, काय तुटतं, आणि तुटल्याचं मोल काय. मधल्या प्रत्येक पायरीवर शक्यता मांडलेली असते. एक पायरी गाळली की शेवटचा आकडा थापा मारतो.

या रीतीच्या पोटात एक आलेख असतो, फ्रॅजिलिटी कर्व्ह. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. आडव्या रेषेवर वाऱ्याचा वेग. उभ्या रेषेवर, तशा शंभर घरांपैकी किती घरांचं छप्पर जाईल. ताशी चाळीसला जवळजवळ एकही नाही, दीडशेला जवळजवळ सगळी, आणि मधे एक चढण. दगड ठेवलेल्या पत्र्याची चढण डावीकडं, लवकर सुरू होणारी. नीट स्क्रू मारून भिंतीत धरलेल्या पत्र्याची चढण उजवीकडं, उशिरा. दोन चढणींमधली जागा म्हणजे आपल्याला वाचवता येणारी घरं.

फ्लोरिडाकडं असे आलेख आहेत, कारण ते वादळ गेल्यावर तुटलेलं मोजत बसतात. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळानं दक्षिण फ्लोरिडात वसाहतीच्या वसाहती सपाट केल्या. त्यांनी छपरांच्या फळ्या उलट्या करून पाहिल्या, तर कित्येक ठिकाणी खिळा लाकडात गेलेलाच नव्हता, शेजारून हवेत उतरला होता. त्यातून नियम बदलले आणि 2002 पासून राज्यभर एकच इमारत संहिता लागू झाली. मायामीच्या परिसरात वादळाला टिकणारी म्हणून खिडकी विकायची तर तिच्यावर तोफेतून नऊ पौंडांचं, म्हणजे चारेक किलोचं लाकूड ताशी 55 किलोमीटरनं मारून दाखवावं लागतं. आपल्याकडं असा प्रयोग दर वैशाखात होतो. लाकडाऐवजी पत्रा असतो, आणि खिडकीऐवजी कुणाची मान.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. वादळाच्या बातमीत आपण ऐकतो ना, चौथ्या श्रेणीचं, पाचव्या श्रेणीचं. ती मोजपट्टी बनवली हर्बर्ट सॅफिर या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं. 1969 साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला वादळी प्रदेशांतल्या स्वस्त घरांचा अभ्यास करायला सांगितलं होतं, त्या कामातून ती निघाली. जगभर ऐकू येणारं हे माप गरिबाचं घर किती मोडतं हे पाहून घडवलं गेलं. आम्ही माप घेतलं, घर बघणं तेवढं राहिलं.

आता आपल्या कामाचं बोलतो. फ्लोरिडाचे आलेख आणून आपल्याला चालणार नाहीत. तिथलं घर लाकडी सांगाड्याचं, आपलं दगड-विटांचं. तिथलं वादळ तासन्‌तास चालतं, वारा हळूहळू दिशा बदलत जातो आणि दोन दिवस आधी कळतं. आमचं वादळ म्हणजे उंच ढगातून थंड हवेचा गोळा खाली आदळतो आणि चौफेर फाकतो. दहा मिनिटं, एका गावात एकाच दिशेचा झोत, आणि पंधरा किलोमीटरवरच्या गावात पानही हलत नाही. म्हणून आलेख आपलाच हवा, आणि तो आपल्याच तुटलेल्या घरांतून काढायला हवा.

त्यासाठी लागणारे तीन कागद आपल्या जिल्ह्यात आजच आहेत. महसूल मंडळांमध्ये राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. ती पावसासोबत वाराही मोजतात. ग्रामपंचायतीत नमुना 8 आहे, कर आकारणीची नोंदवही. तीत घर कशाचं आहे, किती चौरस फुटांचं आहे हे लिहिलेलं असतं, कारण त्यावर घरपट्टी ठरते. आणि तिसरा कागद म्हणजे पंचनामा. वारा किती होता हे पहिल्यात, कोणती घरं त्याच्या वाटेत होती हे दुसऱ्यात, कोणती मोडली हे तिसऱ्यात. ही तीन दप्तरं एका टेबलावर कधी आलेली मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाहीत. बांधकाम साहित्य आणि तंत्र यांचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या बीएमटीपीसी या संस्थेनं 1997 पासून भेद्यतेचा जो अ‍ॅटलास काढला, 2019 ला तिसऱ्यांदा काढला, त्यात जिल्हावार भिंती-छपरांचे तक्ते आहेत आणि भूकंप, वारा, पूर या तिन्हींचा धोकाही मांडलाय. ते मोठं काम आहे. पण जिल्हा म्हणजे फार ढोबळ. आणि "पत्रा" या एका शब्दाखाली दगड ठेवलेला पत्रा आणि बोल्टनं आवळलेला पत्रा एकत्र झोपलेत.

मी मागतोय ते पान या तिसऱ्या कागदाला जोडायचंय. त्यात फार काही नको. पत्रा किती जाडीचा, लोखंडी की सिमेंटचा. कशानं धरला होता : दगड, तार, इंग्रजी J च्या आकाराचा हुक, स्क्रू, की काहीच नाही. कुठून गेला : कडेचा, कोपऱ्याचा, पडवीचा की मधला. काय आधी सुटलं : पत्रा, आडवा पाइप, की भिंतीचा वरचा थर. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं होतं का. उडालेला पत्रा कुठं सापडला. दुसऱ्याच्या उडालेल्या पत्र्यानं हे नुकसान झालं का. आणि आत काय भिजलं. ग्राम महसूल अधिकाऱ्याला ही माहिती भरायला दहा मिनिटं लागतील. तो तिथं उभाच असतो, आणि घरचा माणूस हे सगळं न विचारताच सांगत असतो. आपण ते फक्त लिहून घेत नाही. त्याच्यावर आधीच किती कामं आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून बाकीचे दोन-तीन रकाने कमी करा म्हणेन, पण हे वाढवा.

आणि एक महत्त्वाचं : जी घरं मोडली नाहीत, त्यांचीही नोंद हवी. त्याच गल्लीत, त्याच झोतात टिकलेल्या शेजारच्या घराची. नुकसान नाही म्हणून त्याचा पंचनामा होत नाही आणि म्हणून ते का टिकलं हे कुणालाच कळत नाही. शंभरातली किती गेली हे सांगायला शंभर तरी माहीत हवीत.

"काय आधी सुटलं" हा प्रश्न मी का धरून बसलोय, ते एका शाळेवरून सांगतो. नाव घेत नाही. तिथं एका वादळात पत्रे उडाले. दुरुस्तीला आलेल्या ठेकेदारानं मन लावून काम केलं, जाड पत्रा, जवळजवळ स्क्रू, रबरी वॉशर, सगळं नीट. दोन वर्षांनी पुन्हा वारा आला. या वेळी एकही पत्रा सुटला नाही. सगळं छप्पर चौकटीसकट, पाइपांसकट, एका तुकड्यात उठलं आणि मैदानात उलटं पडलं. भिंतीत पाइप नुसता दोन विटांखाली टेकवला होता. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मैदान रिकामं होतं. साखळीतली एक कडी पक्की केली की तुटणं थांबत नाही, पुढच्या कडीवर जातं, आणि कधी कधी तिथं ते जास्त घातक असतं. मी स्वतः अशा कामांची मोजमापं तपासून बिलं पास केलीत. पत्रा मोजला, स्क्रू मोजले. भिंतीचा सांधा मोजमाप पुस्तिकेत कुठल्या बाबीखाली येतो हे मला आजही सांगता येणार नाही.

या रीतीचा दुसरा फायदा असा की ती सगळ्यांना एकच माप लावत नाही. गोठ्यावरचा पत्रा ताशी 140 ला टिकलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. त्यानं फक्त गुरं मारू नयेत आणि शेजाऱ्याच्या घरावर जाऊ नये. म्हणजे दगड नको, तारेनं तरी बांधलेला हवा. राहत्या घरानं दरवर्षीच्या वाऱ्यात एक पत्राही सोडू नये, आणि मोठ्या वाऱ्यात पत्रे गेले तरी पाइप आणि भिंत जागेवर राहावी. शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत कार्यालय यांचा जाब सर्वांत कडक हवा. वादळानंतर गाव तिथंच जमणार आहे. त्या इमारती दुसऱ्या दिवशी उघड्या हव्यात. म्हणजे सुरक्षित हव्यात, छप्पर उडून उघड्या नव्हेत. ओडिशानं हे करून दाखवलंय. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 च्या फायलिनमध्ये पन्नासपेक्षाही कमी. इशारा, स्थलांतर आणि आत जाऊन बसण्यासारख्या पक्क्या इमारती यांनी ते केलं. घरं मात्र फायलिनमध्येही लाखांनी मोडली. जीव वाचवणं आणि घर वाचवणं हे दोन वेगळे जाब आहेत, दुसरा अजून तिथंही विचारायचा राहिलाय. आमच्या दहा मिनिटांच्या झोतात तर स्थलांतराला वेळच नसतो. आमच्याकडं जीवही घरानंच वाचवायचाय.

"पन्नास वर्षांत एकदा येणारा वारा" या शब्दांनी अधिकारी आणि आमदार दोघेही फसतात, म्हणून तेही सांगून टाकतो. मानकातले ते 39 मीटर पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तीचे आहेत. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात दोन शक्यता. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या शाळेनं तो वारा कधीतरी बघण्याची शक्यता शंभरात 64. पैजेवर लावायला बरा आकडा आहे, पोरांवर लावायला नाही.

पैशाचं. आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला एक लाख वीस हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार हजार, आणि तेही पडझड पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर. चार पत्रे उडाले तर घर बहुतेक वेळा या पंधराच्या आसपास रेंगाळतं, आणि टक्का ठरवण्यात सगळ्यांचा दिवस जातो. आत भिजलेलं सोयाबीन, तुरीचं पोतं, पोरांची दप्तरं, यांचा हिशेब त्यात नाही. एका पत्र्याला नीट धरायचे स्क्रू आणि वॉशर चहा-पोह्याच्या खर्चात येतात. भिंतीवर आडवा काँक्रीटचा पट्टा आणि त्यातून वर काढलेल्या सळईला बांधलेला पाइप, हे महाग आहे, मान्य. पण हा तोच पट्टा आहे जो किल्लारीनंतर भूकंपासाठी आम्ही गावोगाव सांगत फिरलो आणि पुढं हळूहळू विसरलो. डोक्यावरचं वजन न वाढवता दोन्ही संकटांत उपयोगी पडणारी तेवढी एकच वस्तू मला माहीत आहे. घरकुलाचा हप्ता सोडताना जिओ टॅग केलेला फोटो घेतात. त्या फोटोत घर दिसतं, दार दिसतं, दारात उभा लाभार्थी दिसतो. एक फोटो छपराच्या आणि भिंतीच्या सांध्याचा मागा. त्यासाठी निधी लागत नाही, एक ओळीचं पत्र पुरतं.

माझी वही कुणाला हवी असेल तर देईन. तीन गावांची, गेल्या काही उन्हाळ्यांची आहे. अक्षर वाईट आहे आणि वाऱ्याचा वेग अंदाजानं, झाडांच्या फांद्यांवरून लिहिलाय. म्हणून तिच्यावरून आलेख काढू नका. रकाने कोणते असावेत एवढंच तिच्यातून घ्या.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता
तालुका औसा, जिल्हा लातूर

ता. क. : त्या आजींच्या घरावर नवे पत्रे आले. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं पाइपाला पट्ट्या मारून भिंतीत धरल्या, कडेला स्क्रू जवळजवळ लावले, पैसे मजुरीपुरते घेतले. दगड खाली उतरवून आम्ही ते ओढ्यात टाकायला निघालो तर आजी म्हणाल्या, "टाकून कशाला देताव, परसात ठिवा. लागले तर लागले."

ते अजून परसात आहेत.